तीन सकाळींचं एक चित्र

माझं जे एक चित्र लोकांना आठवतं त्यात एक लहानशी गाडी लोखंडी पुलावरून येते आहे, रस्त्याचं फाटक सताड उघडं आहे, आणि फाटकवाला गाडीकडे पाठ करून, कडुनिंबाला टांगलेल्या आरशात बघून दाढी करतो आहे. बघणारा हसतो. त्यांच्याबरोबर मीही पुष्कळदा हसलो आहे. ते चित्र खोटं आहे, हे मी सात वर्षं कोणाला सांगितलं नाही. त्या खोट्यापायी ज्याची नोकरी गेली तो फाटकवाला माझ्या सख्ख्या बहिणीचा नवरा, हेही कधी सांगितलं नाही. मला बोलायची सवय कमी. घरात माझी बायकोसुद्धा म्हणते की यांच्या तोंडात कुलूप आहे. आता चव्वेचाळीसाव्या वर्षी ते काढतो आहे, तर नीट सगळंच सांगतो.

तेव्हा मी वऱ्हाडातल्या एका लहान गावात ड्रॉइंग मास्तर होतो. आमच्या गावाला रेल्वे नाही. आमचं घर विणकरांचं. वडील मागावर बसत. माझा हात धोट्यापेक्षा पाटीवर बरा चालतो असं बघून त्यांनी मला शाळेत राहू दिलं. धाकट्या बहिणीला नागपूरला दिली, तीही विणकरांच्याच घरात. जावई भावांमध्ये धाकटे. थोरल्या भावाचं घर, थोरल्याचे माग, थोरल्याचा शब्द. लग्नानंतर तीन-चार वर्षांनी जावयांनी एक दिवस मागाच्या खड्ड्यातून पाय वर काढले आणि रेल्वेत फाटकवाल्याची जागा धरली. थोरला भाऊ येईल त्या पाहुण्याला सांगत असे, "घरचा माग सोडून लोकायचं फाटक लोटाले गेला माहा भाऊ."

फाटक शहराच्या पूर्व अंगाला, लहान रुळांच्या लाइनीवर होतं. बाजूला नाला, नाल्यावर लोखंडी पूल, आणि फाटकाला लागून विटांची एक खोली. पुढं पडवी. त्या खोलीत माझी बहीण पहिल्यांदा स्वतःच्या चुलीपुढं बसली. मी मे महिन्याच्या सुटीत तिच्याकडे गेलो तेव्हा तिनं मला आधी पाणीसुद्धा न देता फळीवरचे डबे दाखवले.

"पाह्य भाऊ, इथं माहं मीठ माह्या डब्यात हाय."

जावयांचा थाट तर विचारू नका. अंगावर खाकी कोट, तो गाडीच्या वेळी बटणं लावून घालायचे, मग ऊन कितीही असो. एरवी खुंटीला. मला मास्तर म्हणायचे. बायकोचा थोरला भाऊ म्हणून मान द्यायचे आणि थट्टाही करायचे.

"मास्तर, लाटसायेबाची मोटर येवो का कोणाची बैलाची रेंगी येवो. म्या फाटक लावलं का थांबाच लागते. आमच्या भावानं उभ्या जन्मात कोणाले थांबवलं काय?"

"थांबवलं ना," बहीण आतून म्हणाली. "मले चार वर्सं थांबवलं, चहा मांगितला का."

गाड्या दिवसातून मोजक्याच. तरी त्या गाड्यांनी मला वेड लावलं. पंचविशीत शहरातल्या परीक्षेला आलो तेव्हा मोठ्या स्टेशनावर उभा राहून पोटभर इंजिनं पाहिली होती. पण ही लहान गाडी वेगळी. हात पुढं केला तर लागेल इतक्या जवळून जायची, आणि तिचा धूर त्या उघड्या नाल्यावर खाली उतरून बराच वेळ रेंगाळायचा. मला ती पुलावर हवी होती. पुलाचे त्रिकोण, त्यातून दिसणारा धूर, खाली वाळलेला नाला आणि उजव्या हाताला निंबाची सावली.

मे महिन्यातलं नागपूर म्हणजे जलरंगाचा वैरी. सात वाजले की ब्रश कागदावर टेकतो न टेकतो तोच पाणी उडून जायचं. रंग सलग पसरायचा नाही, कडा करपल्यासारख्या उमटायच्या. बहिणीनं तिच्या जुन्या लुगड्याचा तुकडा ओला करून माझ्या बोर्डाला मागून लावून दिला, तरी तासाभरापेक्षा जास्त वेळ कागद हाताशी राहायचा नाही. म्हणून मी ठरवलं की एका सकाळी चित्राचा एकच भाग करायचा. उजेड तोच, जागा तीच, बसण्याचा दगडही तोच. दिवस वेगळा.

पहिल्या सकाळी आकाश आणि पूल केला. पुलाच्या दगडी खांबावर रेल्वेनं नंबर लिहिलेला असतो. तोसुद्धा मी बारीक ब्रशनं जसाच्या तसा लिहिला. पुलाच्या वर गाडीपुरती आणि धुरापुरती जागा कोरी सोडली. जलरंगात पांढरा रंग लावत नाहीत, कागदच सोडतात. धूर आधी सोडावा लागतो.

दुसऱ्या सकाळी फाटक आणि निंब. पहाटेची गाडी जाऊन गेलेली, पुढच्या गाडीला चांगला दीड तास होता, त्यामुळे फाटक रस्त्यासाठी उघडंच होतं. जावयांचा त्या दिवशी दाढीचा वार. त्यांनी निंबाच्या खिळ्याला आरसा टांगला, गालाला साबण फासला आणि मला म्हणाले, "मी हालू का नोको?"

"हाला ना. वस्तरा हातात हाय, न हालता कशी करसान?"

मी त्यांना पाठमोरे काढले. गालाचा जेवढा भाग दिसत होता तेवढा साबणाचा पांढरा ठिपका कागद सोडून मिळाला. तो ठिपका इतका जिवंत आला की मी श्वास धरून ब्रश बाजूला ठेवला.

दाढी झाल्यावर ते बघायला आले. बहीणही पदराला हात पुसत आली.

"हा मी हाव?"

"तुमीच."

"तोंड तं दिसून नाही राहिलं."

"तोंड नाही काढलं ते बरं केलं भाऊ," बहीण म्हणाली. "कागद खराब झाला असता."

ते हसले. मग बोर्डाच्या जवळ उकिडवे बसून त्यांनी पुलाचा नंबर वाचला. आकडे त्यांना येत होते. माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "मास्तर, हे सारं मनानं काढता का पाहून?"

"पाहून. दिसल्याबिगर मी एक रेघ नाही मारत, जावई."

मान डोलावून ते उठले. ही गोष्ट त्यांनी मनात ठेवली, मी ठेवली नाही.

तिसऱ्या सकाळी गाडी काढली. त्या वेळी काय दिसत होतं ते मला आजही स्वच्छ आठवतं. शिटी ऐकू आल्यावर जावयांनी कोट चढवला, बटणं लावली, दोन्ही बाजूंचं फाटक लावून साखळ्या अडकवल्या आणि हिरवी झेंडी धरून खांबासारखे ताठ उभे राहिले. फाटकापाशी दोन सायकलवाले आणि एक दहीवाली थांबलेली. गाडी पुलावरून आली, गेली. मी हे सगळं पाहिलं आणि गाडी तेवढी काढली. फाटक कालच उघडं काढून झालं होतं, रंग पक्का बसला होता, तो काही पुसता येत नव्हता. खरं म्हणजे गाडीची जागा कोरी ठेवून चित्र तसंच सोडता आलं असतं. पण इंजिनाचा काळा रंग पुलावर उतरला आणि त्याच्याखाली तो दाढी करणारा, अगदी निवांत माणूस मला दिसला. मला स्वतःलाच हसू फुटलं. इतकं बरं चित्र माझ्या हातून तोवरच्या आयुष्यात झालं नव्हतं.

जावयांना ते पुरं झालेलं दाखवलं नाही. ते झेंडी गुंडाळत होते. मी बोर्ड कापडात बांधला आणि त्यांच्याच सायकलवर धरमपेठेत नेऊन दिला. तिथं एका हॉलमध्ये पुढच्या आठवड्यात चित्रांचं प्रदर्शन भरायचं होतं आणि बाहेरगावच्या मास्तरांचीही चित्रं घेणार होते.

प्रदर्शनाच्या चार दिवस आधी दुपारी मी सीताबर्डीवर जाड कागद बघत फिरत होतो. संध्याकाळी फाटकावर परतलो तर पडवीत बहीण गुडघ्यात डोकं घालून बसलेली, आणि रुळाच्या कडेला ज्वारी सांडलेली. दुपारच्या गाडीला जावयांनी फाटक लावलं होतं. ते एका बाजूला झेंडी घेऊन उभे असताना पलीकडच्या गाडीवानानं घाई केली, साखळी काढली आणि बैल आत घातले. बैल पार झाले, गाडीचं मागलं चाक इंजिनानं मोडलं. गाडीवान उताणा पडला, खरचटलं. माणूस वाचला, पण उठल्याबरोबर त्यानं बोंब मारली की फाटक उघडंच होतं.

"चौकशी बसन म्हणते," बहीण म्हणाली. "हे म्हणते लावलं होतं, तो म्हणते खुलं होतं. तिसरं कोणी पाह्यलंच नाही. भाऊ, ही खोली गेली तं मी त्या घरात वापस नाही जात. सांगून ठेवतो तुले."

जावई चुलीपाशी कोटाची धूळ झटकत होते. म्हणाले, "काहून रडून राहिली? म्या लावलं होतं ना. लावलं होतं तं लावलं होतं."

मला चित्र त्याच क्षणी आठवलं. पुढं कितीतरी वर्षं मी स्वतःला समजावत आलो की ते नंतर, फार नंतर लक्षात आलं. तसं नाही. बहीण बोलत असतानाच आठवलं. उद्या जाऊन परत आणावं असंही मनात आलं. मग मनानंच उत्तर दिलं की धरमपेठेत चित्रं बघायला रेल्वेचं कोण येतं?

आले. उद्घाटनाच्या दिवशीच आले. एक वयस्क साहेब, पांढरा बुशशर्ट, सोबत त्यांची बायको. माझ्या चित्रापुढं गर्दी होती, कारण लोक हसत होते आणि हसणाऱ्यांना बघून आणखी लोक येत होते. माझ्या मागं शहरातले दोन नावाजलेले चित्रकार उभे होते. त्यातला एक दुसऱ्याला म्हणाला, "नजर बघा. असं काही मनानं सुचत नाही, हे दिसावंच लागतं." ते ऐकताना मला जे वाटलं ते लिहायला लाज वाटते. गावात मी पोरांना डाव्या हाताला कमळ आणि उजव्या हाताला मोर काढायला शिकवत होतो. असं कोणी माझ्याबद्दल कधी बोललं नव्हतं.

साहेब वाकून पुलाचा नंबर बघत होते. मग त्यांनी चष्मा काढला.

"मास्टरजी, ये आपने मौके पर बैठकर बनाया?"

"जी साहब."

"बहुत सुंदर है. लेकिन कलाकार लोग थोड़ा-बहुत मन से भी जोड़ते होंगे? फाटक वगैरह?"

त्यांनी मला दरवाजा उघडून दिला होता. आता विचार करताना वाटतं, त्यांनाही तेच उत्तर हवं असावं. माणूस कडक नव्हता. नंबर बघून त्यांना सगळं कळलं होतं, तरी त्यांनी विचारलं. मला एवढंच म्हणायचं होतं की होय साहेब, ही तीन सकाळींची तीन वेगवेगळी दृश्यं आहेत. पण मागं ते दोघं चित्रकार उभे होते.

"नहीं साहब. जो दिखा, वही बनाया."

"अच्छा," ते म्हणाले आणि चष्मा परत लावला. जाताना त्यांनी चित्र विकत घेतलं. संध्याकाळी त्यालाच पहिलं बक्षीस मिळालं.

फाटकावर मी बक्षीस मिळालं एवढंच सांगितलं. चित्र कोणी घेतलं ते विचारलं तर म्हणालो, कोणी हौशी होता. जावयांनी डब्यातून गुळाचा खडा काढून फोडला आणि लाइनीवर काम करणाऱ्या गँगच्या माणसांना वाटला.

"माह्या साळ्यानं माहं चित्र काढलं, गा. साऱ्या नागपुरात पैला नंबर आला. तोंड नाही दिसत त्याच्यात, पण मीच हाव."

चौकशीला अजून आठ दिवस होते. मी दोन दिवसांनी गावी निघालो. शाळा उघडायला वेळ होता तरी निघालो.

महिन्याभरानं बहिणीचं पत्र आलं. ती चौथीपर्यंत शिकलेली, ओळी वर-खाली जातात तिच्या. ते पत्र मी जाळलं नाही, त्यामुळे जसं आहे तसं सांगता येतं. चौकशीत जावयांनी शपथेवर सांगितलं की फाटक लावलं होतं. साहेबांनी टेबलावर चित्र ठेवलं. हा तू आहेस का? जावई म्हणाले, हो, मीच. हे कोणी काढलं? माझ्या साळ्यानं. मग तुझ्या साळ्यानं खोटं काढलं काय? जावई म्हणे बराच वेळ चित्राकडे बघत उभे राहिले, आणि म्हणाले, "नाही साहेब. तो खोटं नाही काढत."

पत्राच्या शेवटी तिनं लिहिलं होतं: त्याइचंच काही चुकलं असन. तू मनाले लावून घेऊ नको. तू तं जे दिसलं तेच काढलं.

खोली गेली. त्यांना दूरच्या लाइनीवर गँगमध्ये रुळांखाली गिट्टी टाकायचं काम देऊ केलं होतं, पण गँगमध्ये गोष्ट आधीच पोचली होती. पहिल्याच दिवशी कोणीतरी ओरडलं, "गाडी येऊन राहिली गा, साबण लाव!" दोन आठवड्यांत त्यांनी ते सोडलं आणि परत थोरल्या भावाच्या घरी, भावाच्याच मागावर जाऊन बसले. बहीण परत त्याच घरात गेली, जिथं ती जाणार नव्हती.

त्या बक्षिसामुळे मला मोठ्या शाळेत जागा मिळाली. तिथं माझं नाव झालं. मी आणखी पूल काढले, आणखी गाड्या काढल्या. माणूस मात्र काढला नाही. कोणी कारण विचारलं की म्हणायचो, निसर्गात रस आहे. नागपूरला जायची वेळ आली की कधी परीक्षा, कधी ताप. दिवाळीला लुगडं पाठवायचो. भाऊबीजेला सात वर्षांत एकदाही गेलो नाही.

गेल्या हिवाळ्यात ड्रॉइंगच्या परीक्षेचे कागद तपासायला नागपूरला जावंच लागलं. दोन दिवस मी उतरलो होतो तिथून हाललो नाही. तिसऱ्या दिवशी काम दुपारी बारालाच संपलं, आणि मला स्वतःला सांगायला काही कारण उरलं नाही. चालत विणकरांच्या गल्लीत गेलो.

बहीण मागच्या अंगणात सुताच्या कांड्या भरत होती. मला बघून ती उठली, तोंडाला पदर लावला, रडली, आणि लगेच भांडली. "जित्ता हायस काय? मले वाटलं लुगडं पोस्टच पाठवते." मग आत बोट करून म्हणाली, "तथी हाय. जाय. मी चहा ठेवतो."

मागावर बसलेल्या माणसाला मी ओळखलंच नाही. छातीपर्यंत दाढी. धोटा इकडून तिकडे जात होता आणि त्यांचे पाय खड्ड्यात बिनचूक चालत होते. मला बघून त्यांनी हात थांबवला नाही, पण हसले.

"या मास्तर. कवा आले?"

"तीन दिवस झाले."

"अन् आज येऊन राहिले? मोठे झाले बाप्पा तुमी."

मी मागाशेजारी जमिनीवर बसलो. ख्यालीखुशाली विचारली, त्यांनी सांगितली. दाढीबद्दल मी विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं, काम चालू ठेवून, दुसऱ्या कोणाची गोष्ट सांगावी तसं. गल्लीत आरसा हातात घेतला की कोणी ना कोणी शिटी वाजवायचं. म्हणून सोडून दिलं. "असू द्या. हिवाळ्यात बरी राहते."

मग मी सांगितलं. तयारी करून गेलो होतो तसं काही जमलं नाही. पहिली सकाळ, दुसरी सकाळ, तिसरी सकाळ एवढंच सांगितलं. साहेबांनी काय विचारलं, दोनदा विचारलं, आणि मी काय बोललो. तुमच्यावर चौकशी आहे हे मला तेव्हा माहीत होतं, हेही सांगितलं.

धोटा थांबला. त्यांनी मागाचा हत्त्या हातातून सोडला नाही.

"म्हंजे गाडी आली तवा मी उभा होतो?"

"उभे होते."

"झेंडी?"

"हातात होती. हिरवी."

"कोट घातला होता?"

"बटनं लावून."

"तुमी पाह्यलं?"

"ह्या डोयानं पाह्यलं, जावई. दोन सायकलवाले थांबले होते, एक दहीवाली थांबली होती."

त्यांनी ताण्याचा एक सैल दोरा बोटानं सारखा केला. मला वाटलं आता शिवी देतील. दिली असती तर बरं झालं असतं.

"मास्तर, मले नक्की याद होतं का मी उभा राहत होतो. रोज. एकबी गाडी चुकली नाही. पण तुमचं चित्र पाह्यलं अन् डोकंच फिरलं. मनलं, मास्तर दिसल्याबिगर रेघ नाही मारत. म्हंजे बसलो असन दाढीले एखाद दिवशी. म्हंजे त्या दिवशीबी फाटक खुलंच राह्यलं असन, अन् मीच भुललो असन." त्यांनी दाढीवरून हात फिरवला. "सात वर्सं रोज याद करून राहिलो, कवा बसलो होतो म्हून. सापडतच नाही तो दिवस."

मला तोंड वर करवेना. मला वाटत आलं होतं की माझ्या भिडेखातर, नात्याखातर ते गप्प बसले. त्यांनी तर माझ्यावर विश्वास ठेवून स्वतःवरचा काढून घेतला होता. हे माझ्या कल्पनेत कधी आलं नव्हतं.

त्यांनी हाक मारली. "इकडं ये वं. मास्तर काय सांगून राहिले, आयक."

दुसऱ्यांदा सांगणं पहिल्यापेक्षा कठीण गेलं. बहीण चहाची कपबशी हातात घेऊन दारात उभी राहून ऐकत होती. मी संपवलं. तिनं बशी जमिनीवर ठेवली, पण माझ्यापुढं नाही. मग ती माझ्याशी न बोलता नवऱ्याकडे वळली.

"अन् मी?" ती म्हणाली. "मी तं तुमाले भांडणात रोज तेच बोल्ली. पोरायपुढं बोल्ली. दाढीपायी माहं घर घालवलं म्हून."

"जाऊ दे वं."

"कायले जाऊ दे?" ती माझ्याकडे फिरली. तिचा आवाज चढला नाही, आणि तेच मला सहन झालं नाही. "भाऊ, तू लुगडं पाठवे ना दरसाल, ते मी नेसो. गल्लीत सांगो का माह्या भावाचं हाय. ज्यानं माहं घर मोडलं त्याचं लुगडं नेसून मी ह्या माणसाले बोलत होती. तुले एका पत्रात लिवाले काय झालं होतं? एक ओळ!"

हिंमत नव्हती हे उत्तर नव्हे, ते नुसतं खरं आहे.

जावईच बोलले. "मास्तर, हे लिवून देता?"

"कोणाले पायजे त्याले लिवून देतो. थोरल्या भाऊसायबापुढं आता वाचून दाखवतो."

"भावाचं पाह्यतो मी. हपीसात द्या."

"नोकरी वापस नाही भेटत आता, जावई. सात वर्सं झाली."

"नोकरी कोण मांगून राहिलं? तथी त्या फाइलीत माहं दाढी करणं लिवून हाय. तिच्यात हेबी लागलं पायजे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हिंदीत अर्ज लिहून आणला. तीन सकाळी, कोणत्या सकाळी काय काढलं, गाडी आली तेव्हा फाटक बंद होतं आणि फाटकवाला झेंडी घेऊन उभा होता, आणि मी साहेबांना विचारल्यावर जाणूनबुजून खोटं बोललो. जावयांना तो वाचून दाखवला. 'जाणूनबुजून' हे ऐकून त्यांनी मला थांबवलं. "हे राहू द्यायचं?" मी म्हणालो, "राहू द्या." बहीण आतच होती, बाहेर आली नाही. पण जावयांचं धोतर धुऊन, घडी करून काढून ठेवलेलं होतं.

ऑफिसच्या बाहेर झाडाखाली एक बाक होतं. जावई तिथंच बसले. आत यायला नको म्हणाले. मी आत गेलो. ते जुने साहेब केव्हाच बदलून गेले होते. नवे साहेब वयानं माझ्याहून लहान. त्यांनी अर्ज घेतला, वाचला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा पहिल्यापासून वाचला. मग बाबूला बोलावून जुनी फाइल शोधायला सांगितलं आणि अर्जाच्या कोपऱ्यात काहीतरी लिहून सही केली. मला म्हणाले, "मास्टरजी, अब इससे होगा क्या?" मी म्हणालो, "फ़ाइल में लगा दीजिए, बस." त्यांनी मान हलवली. ते मला बसा म्हणाले नाहीत, आणि ते बरोबरच होतं.

बाहेर आलो तेव्हा जावई दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून दरवाज्याकडे बघत होते. जवळ जाईपर्यंत उठले नाहीत.

"घेतला काय?"

"घेतला."

"वाचला?"

"दोनदा वाचला."

मग त्यांनी विचारलं, "हासले काय?"

"नाही, जावई. कोणीच नाही हासलं."

"मंग झालं," ते म्हणाले, आणि धोतराचा सोगा झटकून माझ्या पुढं चालायला लागले.